एपरामाची मोरी

नासोलोला उतरायचं असलं तर बसवाल्याला गावाचं नाव सांगावं लागत नाही. "एपरामाच्या मोरीपाशी थांब," एवढं म्हटलं की पुरतं. पुलांना मंत्र्यांची नावं मिळतात, शाळांना संतांची. रस्त्याच्या पोटातून जाणाऱ्या मोरीचं बारसं सहसा कोणी करत नाही. एपरामाला हा मान जिवंतपणी मिळाला होता आणि त्यासाठी त्याला कुणाचे उंबरे झिजवावे लागले नव्हते. तेहतीस वर्षांपूर्वी, रस्त्याच्या टोळीवर नुकताच मुकादम झाला असताना, त्याने आपल्याच गावाच्या वेशीवर वाइतोला ओढ्यात तीन फुटी सिमेंटचा पाईप घातला, वर मुरूम दाबला आणि त्यावरून पहिली बस गावात आणली. त्याआधी बस ओढ्याच्या अलीकडे थांबायची आणि नासोलोचे लोक नारळ, अळूच्या कांद्यांची पोती आणि आजारी म्हातारे असा सगळा माल पाठीवर घेऊन पाण्यातून जायचे. पहिल्या बसच्या दिवशी पाद्र्याने मोरीसाठी प्रार्थना केली होती. ती जरा लांबली, तेवढ्यात बस निघून गेली.

आता एपरामा सदुसष्ट वर्षांचा होता. निवृत्त होताना त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, ते कधीच बंद पडलं. पाईप मात्र शाबूत होता. अडचण नेमकी हीच होती.

बस येऊ लागली तसा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी उंच होत गेला. खडी यायची, पसरायची, तिच्यावर रोलर फिरायचा. होता होता रस्त्याचा बांध झाला. डोंगरावरून आलेलं पाणी या बांधाला थटायचं आणि तीन फुटी भोकापुढे रांग लावून उभं राहायचं. पण पाण्याला रांगेची सवय नसते. ते शेजारी बघतं. शेजारी गावाची खालची आळी होती: सात घरं, शाळेचं स्वयंपाकघर आणि वासेवाआजींचं कोंबड्यांचं खुराडं. जानेवारी ते मार्च या पावसाळ्यात दोनदा तरी ही आळी आपली भांडी वरच्या आळीत जाऊन शोधत असे.

या पुराची कारणं शोधण्यात गावाने काही कसूर केली नव्हती. वर महोगनीची तोड झाली म्हणून. पौर्णिमेची भरती म्हणून. खारफुटी दाट झाली म्हणून. नंतर, ती विरळ झाली म्हणून. पोरं रविवारी रग्बी खेळतात, हेही एक कारण पाद्र्याच्या आग्रहावरून यादीत होतं. पाईपचं नाव कोणी काढत नसे. कारण ही चर्चा व्हायची ती यांगोनाच्या लाकडी परातीभोवती, करवंटीतून त्या मुळीचं किंचित गुंगी आणणारं मातकट पाणी फिरत असताना, आणि परातीच्या वरच्या अंगाला खुद्द मुकादम बसलेले असायचे. ज्या माणसाने गावात बस आणली त्याला त्याची मोरी अरुंद आहे असं तोंडावर सांगायचं, एवढा रानटीपणा नासोलोत नव्हता.

तो फक्त शेजारच्या वुनीवीत होता. तिथे वाइसाके राहायचा, एपरामाचा आतेभाऊ. आमच्याकडे सख्ख्या भावाशी अदबीने बोलतात, बहिणीशी मोजकंच. पण आते-मामेभाऊ, ज्याला तावाले म्हणतात, तो दिसला की त्याची चारचौघांत अब्रू काढणं हे कर्तव्य आहे. तावाले चिडवायचा थांबला तर घरच्यांना त्याच्या तब्येतीची काळजी वाटते. आणि जो चिडला, तो हरला.

"तावाले," वाइसाके दारातूनच ओरडायचा, "आत्ता तुझ्या मोरीतून एक वाम मासा जात होता. बिचाऱ्याला पोट आत ओढावं लागलं!"

"तुझ्या गावचा असेल. फुकटचं खाऊन सुटलेला."

"नळीने नारळपाणी पितात रे. अख्खा ओढा पाजायला निघालास?"

लोक मांड्या थोपटून हसायचे. म्हणजे नासोलोत खरं कोणी बोलतच नव्हतं असं नाही. आठवड्यातून दोनदा, खड्या आवाजात बोललं जायचं. पण तावालेचं बोलणं थट्टा असतं, आणि थट्टा कोणी मनावर घ्यायची नसते, असा कडक नियम असल्याने त्या खऱ्याचा कुणाला उपद्रव होत नव्हता.

जूनमध्ये राजधानीहून, सुवाहून, इंजिनिअरबाई आल्या. अंजेशनी त्यांचं नाव. तिशीच्या आतबाहेर, चिखलाचे बूट, पाठीला छत्री. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची मुळी त्यांनी रीतसर पुढे ठेवली, गावाने ती रीतसर स्वीकारली, टाळ्या झाल्या, करवंटी फिरली. मग त्यांनी वही उघडली. या रस्त्यावरच्या सगळ्या जुन्या मोऱ्या बदलायच्या होत्या.

"मागच्या फेब्रुवारीत पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

गावचा कारभारी मालाकाई याने एपरामाकडे पाहिलं, मग चटईकडे. "आलं होतं थोडं. घोट्यापर्यंत."

"आजी, तुमच्या घरात?"

"चटई ओली झाली," वासेवाआजी म्हणाल्या.

"किती ओली?"

आजींनी विचार केला. "दमट."

एपरामा ऐकत होता. मागच्या फेब्रुवारीत वासेवाआजी अकरा कोंबड्यांसह जेवणाच्या टेबलावर बसून देवाची गाणी म्हणत होत्या, आणि त्यांना बांबूच्या तराफ्यावरून बाहेर काढणाऱ्यांत तो स्वतः होता. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. अख्खं गाव आपल्यासाठी देवाच्या माणसासमोरसुद्धा खोटं बोलतंय (पाद्री शेजारीच बसला होता) हे पाहून कुठल्याही मुकादमाला बरं वाटलं असतं. मग शाळेची स्वयंपाकीणबाई म्हणाली की पाण्यामुळे उलट फरशी धुऊन निघते, तेव्हा त्याने करवंटी अर्धीच खाली ठेवली.

"कमाल आहे," अंजेशनी म्हणाल्या. "माझं गणित सांगतंय की इथे पाईप पुरणारच नाही, दोन मोठ्या चौकोनी मोऱ्या लागतील. पण या ओढ्याचं मोजमाप कधी कोणी ठेवलेलं नाही. अशा ठिकाणी गावाच्या खुणा प्रमाण धरतात. आणि तुमच्या खुणा घोट्याच्या वर जात नाहीत."

"घोटा," मालाकाई ठामपणे म्हणाला.

"बाई, याच्या घोट्यावर जाऊ नका," खांबाला टेकलेला वाइसाके बोलला. "याचा घोटा गळ्यापाशी आहे! फेब्रुवारीत या सभागृहात डुक्कर पोहत आलं आणि व्यासपीठावर चढून बसलं. पाद्रीबुवांना वाटलं, नवीन भक्त आलाय."

सभागृह हसून लोटपोट झालं. पाद्रीही हसला. अंजेशनी सुवाजवळच्या नौसोरीत, अशाच शेजारात वाढलेल्या. तावाले म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्याही हसल्या, आणि त्यातलं एक अक्षरही न लिहिता त्यांनी वही मिटली.

"मग तुमच्याकडे चार फुटी पाईप टाकू. चौकोनी मोऱ्या या रस्त्यावर दोनच ठिकाणी मिळणार आहेत, त्या पाणी जास्त असेल तिथे जातील. शुक्रवारी आराखडा पाठवते. उद्या सकाळी उंची मोजते आणि निघते."

"आणि हा पाईप किती वर्षं टिकेल?" कोणीतरी कौतुकाने विचारलं.

"एकदा घातला की पन्नास वर्षं कोणी हात लावत नाही."

घरी लितिया कसाव्याचे कंद सोलत बसली होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने सुरी खाली ठेवली. त्याने सगळं सांगितलं.

"पन्नास वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे आपली नातवंडं म्हातारी होऊन टेबलावर बसतील."

"हं."

"आणि तीन पाईपांचं?"

एपरामाने दाराकडे पाहिलं. ही गोष्ट त्या घरात वर्षातून एकदा निघायची आणि हळू आवाजात निघायची. तेहतीस वर्षांपूर्वी वाइतोलासाठी पाईप आले होते तीन. शेजारी शेजारी घालायचे होते. ते उतरवले त्याच संध्याकाळी वाइसाके यांगोनाची मुळी घेऊन आला होता. त्याची आई नासोलोची, म्हणजे नासोलो त्याचं आजोळ. आणि आजोळी भाच्याने हात पुढे केला की त्याला नाही म्हणायला आमच्या भाषेत शब्द आहे, पण तो वापरलेला कोणी ऐकलेला नाही. डुक्कर मागो, होडी मागो, अंगावरचा सदरा मागो. "तावाले," तो म्हणाला होता, "आमच्या झऱ्याची वाट दरवर्षी वाहून जाते. तुझा ओढा एवढासा. दोन दे." एपरामाने दोन दिले, वहीत तीन घातल्याचं लिहिलं आणि झोपी गेला. दिलेलं पुन्हा बोलून दाखवायचं नसतं, म्हणून त्यानंतर दोघांतल्या कोणीही त्याचा उल्लेख केला नव्हता. वाइसाकेने तर तो इतका केला नाही, की उरलेल्या एका पाईपची तेहतीस वर्षं चेष्टा करताना त्याच्या आवाजात कधी कंपही आला नाही.

"दोन तूच नेलेस म्हणावं त्याला," लितिया म्हणाली. "एका वाक्यात गप्प होईल."

"दिलेलं काढून दाखवू?"

"मग पाईप छोटा आहे, एवढं तरी बाईंना सांगा."

"म्हणजे वाइसाके जिंकला."

"जिंकू द्या की एकदा."

"एकदा नाही गं. तो आजवर जे जे बोलला ते खरं, असं मी म्हणायचं. म्हणजे तो तेहतीसही वर्षं जिंकत होता, असं होईल."

लितियाने पुन्हा सुरी घेतली. "वासेवाआजींना मागच्या वेळी टेबलावर चढवायला तिघांनी हात दिला. पुढच्या वेळी चौघं लागतील. तुम्ही जिंका. मी पाणी आलं की आजींकडे जाऊन बसेन."

सकाळी अंजेशनी मोरीच्या तोंडाशी उभ्या राहून उंची मोजत होत्या. वाइसाके वर रस्त्यावर बसची वाट पाहत होता. नासोलोत रात्र काढली की सकाळी तो कोंबडी, फणस किंवा निदान चटई घेऊनच परतत असे. आज कोंबडी होती. एपरामा काठी टेकत उतारावरून खाली आला.

"उतर, उतर!" वाइसाके वरून ओरडला. "आत डोकावू नकोस मात्र. अडकलास तर गावाला आंघोळीला पाणी मिळायचं नाही!"

एपरामा सरळ चालत राहिला. तो अंजेशनींसमोर उभा राहिला. "पोरी, काल हा जे बोलला ते लिहून घे."

"कोण? हे मामा?"

"हाच. त्याचं सगळं खरं आहे. पाईप लहान आहे. मीच घातलाय, मला माहीत आहे."

"डुकराचंसुद्धा?"

"डुक्कर माझं होतं."

वर रस्त्यावर कोंबडीने आवाज केला, वाइसाकेने नाही.

अंजेशनींनी पट्टी खाली ठेवली. "मामा, एकट्या तुमच्या शब्दावर नाही भागणार. मला खुणा दाखवाव्या लागतील. भिंतीवर, झाडावर, कुठेतरी."

"चल," एपरामा म्हणाला.

तो खालच्या आळीत पहिल्या घरात शिरला. "माझा पाईप लहान आहे. हिला खूण दाखवा." घरमालक इतका ओशाळला की त्याने आधी पाहुण्यांना चहा आणि तळलेले पिठाचे गोळे दिले, मग हवापाण्यावर बोलला, आणि शेवटी, जणू मुकादमांची माफी मागत, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. कॅलेंडरमागे छातीच्या उंचीवर चिखलाची तांबडी रेघ होती.

अंजेशनी त्या रेघेकडे पाहत राहिल्या. "मला काल वाटलंच होतं, या गावात कॅलेंडरं इतकी खाली का टांगतात."

"आणि भिंतभर," घरमालक म्हणाला. "दुकानदार दरवर्षी जास्तीची देतो. मुकादम येतात ना चहाला."

सातही घरांत कॅलेंडरं होती. एके ठिकाणी पाच वर्षांची शेजारी शेजारी लावली होती, कारण रेघ लांब होती. शाळेच्या स्वयंपाकघरात रेघेवर देशाचा नकाशा होता. एपरामा प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणाला. चौथ्या घरापासून ते रस्त्याच्या कामासारखं झालं: घ्यायचं, ठेवायचं, पुढे जायचं. मागे हळूहळू अर्धं गाव गोळा झालं. मुकादमांनीच दार उघडलं म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडाला पूर आला. घोट्याची कंबर झाली, कंबरेचा गळा झाला. मालाकाईने छपरावरून मासे धरल्याचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा अंजेशनींना त्याला हाताला धरून खाली आणावं लागलं.

"आणि आजी, तुमची चटई?"

"दमट कसली, पोरी," वासेवाआजी म्हणाल्या. "चटई समुद्रात गेली. अकरा कोंबड्या आणि मी. अंडंसुद्धा घातलं एकीने, टेबलावर."

अंजेशनी लिहीत होत्या. मग त्यांनी पिशवीतून जुन्या कागदाची नक्कल काढली. "मामा, एक कळत नाही. खात्याच्या जुन्या वहीत इथे तीन पाईप घातल्याचं लिहिलंय. खाली सही तुमची आहे."

गर्दीच्या मागच्या बाजूला वाइसाके कोंबडी काखेत धरून उभा होता. बस कधीच निघून गेली होती.

"एकच पुरेल असं मला वाटलं," एपरामा म्हणाला. "चूक माझी."

"आणि बाकीचे दोन?"

"आठवत नाही."

तो वाइसाकेकडे बघत नव्हता. खरं तर न बघण्यासाठी त्याने एका केळीच्या झाडाकडे इतकं निरखून पाहिलं, की दोघा-तिघांनी त्या झाडाला काय झालंय म्हणून तिकडे पाहिलं.

वाइसाकेने कोंबडी खाली ठेवली. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला. त्याचा चेहरा असा कोणी कधी पाहिला नव्हता. "दोन मी नेले," तो म्हणाला. "मी मागितले, म्हणून याने दिले. याची चूक नाही. तेहतीस वर्षं मी याची टिंगल केली, आणि पाईप माझ्याकडे."

वासेवाआजी पायरीवर बसून हसू लागल्या. मालाकाईने डोळे पुसले. पाद्र्याला ठसका लागला.

"मी खरं सांगतोय!"

हसण्याची दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती.

"बायबल आणा! हात ठेवून सांगतो!"

"नको नको," पाद्री कसाबसा म्हणाला, "माझं पोट दुखतंय."

"बाई, तुम्ही तरी लिहा!"

अंजेशनींनी हसू दाबत मान हलवली आणि वही मिटली. नौसोरीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आराखडा शुक्रवारी गेला तो दोन चौकोनी मोऱ्यांचा. गुरुवारचा दिवस एपरामा आणि मुक्काम वाढवलेल्या अंजेशनी ओढ्यात बसून होते, पाय पाण्यात सोडून. "तळ ओढ्याच्या तळाहून हातभर खाली घे," तो सांगत होता. "वर गोटे बसतील, कोळंबी चालत वर जाईल. माझ्या पाईपला उंबरठा राहिला, पाणी त्यावरून आपटून आपटून खाली डोह झाला."

"आणि मधली भिंत?"

"तिला होडीसारखं नाक काढ. पुरात बांबू आडवा येतो. सपाट भिंतीला तो टेकून बसतो, मग त्याला दुसरा टेकतो, मग सगळं गाव टेकतं. नाक असलं की वळून निघून जातो. आणि रस्ता इथे थोडा खाली दाब. याहून मोठं पाणी आलंच, तर रस्त्यावरून जाऊ दे. घरातून नको."

अंजेशनींनी हे सगळं लिहून घेतलं. कॉलेजात हे सगळं शिकवतात, त्या म्हणाल्या, पण सपाट भिंतीला गाव टेकतं हे नाही शिकवत.

ऑगस्टमध्ये जुना पाईप निघाला. एपरामा छत्री घेऊन रोज खुर्ची टाकून बसायचा आणि नव्या मुकादमाला कंटाळा येईपर्यंत सल्ले द्यायचा. फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दुपारी खालची आळी सवयीने भांडी बांधून दारात उभी राहिली. पाणी आलं, तांबडं, फेसाळ, बांबू आणि नारळ घेऊन; नाकाशी वळलं, दोन्ही मोऱ्यांतून सरळ निघालं आणि समुद्राकडे गेलं. लोक तासभर बघत राहिले. मग एकेकाने भांडी सोडली. मालाकाई म्हणाला की पूर म्हणून हा काही खास नव्हता.

वाइसाकेचे मात्र दिवस वाईट होते. चिडवायला मोरी उरली नव्हती आणि खरं सांगायला माणसं. मार्चमध्ये त्याने नासोलोच्या आठ-दहा जणांना हट्टाने वुनीवीला नेलं आणि झऱ्याच्या वाटेखालचे दोन पाईप दाखवले: तीन फुटी, शेवाळलेले, कडेला त्या वेळचा शिक्का. लोकांनी ते वाकून पाहिले, हात लावून पाहिले. "एका थट्टेसाठी एवढे जुने पाईप शोधून आणले," मालाकाई परत आल्यावर सांगत होता. "मेहनत बघा माणसाची."

त्या दिवशी यांगोनाच्या परातीपाशी वासेवाआजींनी अखेर मुकादमांनाच विचारलं. "एपरामा, तूच सांग बाबा. खरंच त्याने नेले का रे?"

वाइसाके समोरच बसला होता. पुढे झुकला. एपरामाने रीतीप्रमाणे एक टाळी वाजवली, करवंटी तोंडाला लावली, सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली, तीन टाळ्या वाजवल्या.

"आजी," तो म्हणाला, "हा माझा तावाले आहे. याचं कधी कोणी मनावर घेतं का?"